निरोगी हात, तीच टेस्ट तीनदा, आकडे मात्र तीन तऱ्हेचे

बाईंची वही

नमस्कार मंडळी. दोन रात्री नीट झोप लागलेली नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझी भाची इथेच नागपुरात फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेते. तिच्या प्रबंधाचा विषय असा आहे की ज्यांना कसलाच त्रास नाही अशा माणसांची नर्व्ह कंडक्शन टेस्ट (हातापायाला बारीक करंट देऊन मज्जातंतू संदेश किती वेगाने नेतो ते मोजतात ती) पुन्हा पुन्हा केली तर आकडे कितपत जुळतात. तिला निरोगी माणसं हवी होती. मी ५१ वर्षांची आहे. शुगर नाही, थायरॉइड नाही, हाताला मुंग्या नाहीत, रोज तीन-चार तास फळ्यावर लिहिते. म्हटलं, घे माझा हात.

आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा तपासणी झाली. पहिली डिसेंबरात दुपारी, दुसरी सकाळी आठला, तिसरी पुन्हा दुपारी. उजव्या हाताच्या मीडियन नर्व्हचे (मनगटातून अंगठ्याकडे जाणारा मज्जातंतू) आकडे असे आले:

मनगटाशी लेटन्सी (करंट दिल्यापासून स्नायूचा तरंग सुरू होईपर्यंतचा वेळ): ३.३, ४.०, ३.४ मिलिसेकंद
कोपर ते मनगट वेग: ५८, ५२, ५७ मीटर प्रति सेकंद
अंगठ्याच्या स्नायूच्या तरंगाची उंची: ९.६, ७.२, १०.१ मिलिव्होल्ट
बोटाकडच्या संवेदी (स्पर्शाच्या तंतूंच्या) तरंगाची उंची: ३८, ४७, ४० मायक्रोव्होल्ट
एफ वेव्ह (मणक्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या संदेशाचा वेळ): २५.४, २६.८, २५.६ मिलिसेकंद

दुसऱ्या तपासणीचा कागद त्या विभागातल्या कुणीतरी नेहमीच्या पेशंटसारखा वाचला आणि खाली लिहून दिलं, ‘मनगटाशी मीडियन नर्व्ह किंचित मंद, लक्षणांशी ताडून पाहावे.’ मुलाने घरी शोधाशोध केली आणि मनगटातली नस दबते त्या आजारापासून ऑपरेशनपर्यंत सगळं वाचून काढलं. तिसरा कागद चांगला आला तरी मनातून जात नाही. खरा कोणता? माझा हात बदलला की मशीन बदललं? आणि एकाच निरोगी माणसात इतका फरक पडत असेल, तर पेशंटच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

धंतोलीचा तंत्रज्ञ

बाई, आधी मन शांत करा. मी अठरा वर्षं हीच टेस्ट करतो. तुमचे आकडे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न आला: दुसऱ्या दिवशी हात गार होता का? कागदावर हाताचं तापमान लिहिलं आहे का? आणि त्याच दिवशी करंगळीकडच्या अल्नर नर्व्हची लेटन्सी किती होती, तेही सांगा.

बाईंची वही

तापमान कुठेच लिहिलेलं नाही. त्या दिवशी मानेवाड्याहून स्कूटीने गेले होते, हातमोजे घरी राहिले होते. हात इतका गार होता की संमतिपत्रावर सही करताना पेन धरता येईना, अक्षर वाकडं आलं. पोचल्याबरोबर लगेच टेबलवर घेतलं.

अल्नर: २.५, ३.१, २.६.

धंतोलीचा तंत्रज्ञ

बस, उत्तर मिळालं. आता सविस्तर लिहितो, कारण ही चूक रोज होते आणि लोकांना उगाच घाबरवते.

हात एक अंशाने गार झाला की वेग साधारण दोन मीटर प्रति सेकंदाने कमी होतो आणि लेटन्सी सुमारे ०.२ मिलिसेकंदाने वाढते. तुमची लेटन्सी ०.७ ने वाढली, म्हणजे तीन-साडेतीन अंशांचा खेळ. डिसेंबरच्या सकाळी स्कूटीवरून आलेल्या हाताला एवढं गार व्हायला वेळ लागत नाही. हाताची त्वचा ३२ अंशांच्या वर असावी, हा आमचा साधा नियम. पाय थोडे गार चालतात, पण ३० च्या खाली मी सुरुवात करत नाही.

तरी मी फक्त तापमानावर बोलत नाही, तुमच्या कागदावर आणखी दोन खुणा आहेत. पहिली: मनगटात मीडियन दबली असती तर फक्त मीडियन मंदावली असती. तुमची अल्नरही त्याच दिवशी तितकीच मंदावली. दोन्ही नर्व्ह एकाच दिवशी एकाच मापाने मंद होतात आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही बऱ्या होतात, असं दबण्यात होत नाही. दुसरी खूण मला जास्त आवडते: संवेदी तरंगाची उंची ३८ वरून ४७ झाली. नस दबलेली असते तेव्हा ती उंची कमी होते. गारठ्यात ती वाढते, कारण थंडीत मज्जातंतूतले सोडियमचे मार्ग सावकाश मिटतात, त्यामुळे प्रत्येक तंतूचा संकेत मोठा आणि रुंद होतो. मंद वेग आणि उंच तरंग हे जोडीने दिसले की मी पेशंटचा हात हातात घेऊन बघतो. बहुतेक वेळा तो गारच असतो.

खामला

दादा, मग स्नायूचा तरंग ९.६ वरून ७.२ कसा झाला? थंडीत वाढायला हवा होता ना?

धंतोलीचा तंत्रज्ञ

बरोबर पकडलंत. तो तापमानाचा भाग नाही, तो करंटचा किंवा इलेक्ट्रोडचा (तरंग टिपायला त्वचेवर चिकटवतो ती पट्टी) आहे.

आम्ही करंट वाढवत नेतो. तरंग वाढायचा थांबला की त्याहून आणखी वीस-पंचवीस टक्के देतो, म्हणजे सगळे तंतू पेटलेत याची खात्री होते. माणूस दचकला, हात आखडला, ‘बस करा’ म्हणाला, तर नवखा मुलगा दयेपोटी तिथेच थांबतो. काही तंतू पेटलेच नाहीत की उंची कमी येते. तिकडे अंगठ्याच्या मांसल भागावर इलेक्ट्रोड अर्धा-एक सेंटिमीटर सरकला तरी उंची बदलते. बाई, त्या दिवशी दुखलं होतं का?

बाईंची वही

हो. गार हातावर जास्तच लागलं. मी दोनदा हात ओढला होता. त्या मुलीने ‘सॉरी मावशी’ म्हणून मशीनचं बटण खाली केलं.

धंतोलीचा तंत्रज्ञ

तेच. तिचं मन चांगलं होतं, मोजणी अपुरी राहिली.

टेपचंही सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं की वेग मशीन काढते. मशीन फक्त वेळ काढते. अंतर मी कापडी टेपने मोजतो आणि बटणं दाबून भरतो. मनगट ते कोपर २२ सेंटिमीटर आणि वेळ ४ मिलिसेकंद, तर वेग ५५. मी टेप सैल धरली, २३ भरले, तर ५७.५. एका सेंटिमीटरने अडीच मीटर! कोपराभोवती आम्ही जेमतेम १० सेंटिमीटरचा तुकडा मोजतो. तिथे एक सेंटिमीटर चुकला की दहा टक्के गेले. म्हणून मी पेनाने खूण करतो, टेप दोनदा लावतो आणि दोन्ही वेळा हाताची ठेवण तीच ठेवतो.

आणखी एक बारीक गोष्ट. तरंग कुठे सुरू झाला ती खूण कर्सरने लावावी लागते. स्क्रीनवर तरंग मोठा करून पाहिला तर सुरुवात थोडी आधी दिसते, लहान करून पाहिला तर थोडी उशिरा. पहिल्यांदा एका मापावर आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या मापावर पाहिलं, तर नर्व्ह न बदलता लेटन्सी बदलते.

निवृत्त फिजिओलॉजी

तंत्रज्ञ बंधूंनी फार चांगलं लिहिलं आहे. मी मेडिकल कॉलेजात बरीच वर्षं हा विषय शिकवला, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

मज्जातंतूतला संदेश इतका वेगवान असतो की तो मोजता येणारच नाही, असं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहानेस म्यूलर यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही वाटत होतं. त्यांचेच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायावर तो मोजला आणि उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. माणसाच्या हातातला वेग त्याच्या दुप्पट आहे. आपण उष्ण रक्ताचे आणि आपले तंतू जाड, ही त्याची मोठी कारणं. म्हणजे तापमानाचा प्रश्न या विषयाच्या जन्मापासून सोबत आहे.

आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे. निरोगी माणसांवर ही तपासणी पुन्हा पुन्हा करून पाहण्याचं काम अनेकांनी केलं आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने निरोगी व्यक्तींमध्ये एकाच तपासनिसाच्या दोन मोजण्या आणि वेगवेगळ्या तपासनिसांच्या मोजण्या ताडून पाहिल्या. निष्कर्ष साधा आणि कामाचा होता: पुन्हा तपासायचं असेल तर तपासनीस बदलू नका, त्याच्याकडूनच करा. २००० मध्ये जपानमधल्या अनेक केंद्रांनी मिळून १३२ निरोगी लोकांची एक ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासणी केली. हातापायांचं तापमान ३२ अंशांच्या वर ठेवलं होतं. सगळ्यात जास्त हलली ती तरंगाची उंची, त्याखालोखाल लेटन्सी, मग वेग. सगळ्यात स्थिर राहिली एफ वेव्हची किमान लेटन्सी. मधुमेहींमध्येही क्रम हाच होता.

एफ वेव्ह म्हणजे काय, तर मनगटावर दिलेला करंट वर मणक्यातल्या पेशीपर्यंत जातो आणि तिथून परत फिरून स्नायूत येतो. १९५० मध्ये ती प्रथम पायाच्या पंजातल्या स्नायूंत नोंदवली गेली, ‘फूट’वरून एफ. ती स्थिर का, तर प्रवास लांबचा. पंचवीस मिलिसेकंदांच्या वाटेत कर्सर ०.२ ने चुकला तर एक टक्काही फरक पडत नाही. तोच ०.२ तीन मिलिसेकंदांत पडला तर सहा-सात टक्के. शिवाय दहा-वीस वेळा करंट देऊन त्यातली सगळ्यात छोटी वेळ घेतात. आणि टेपचा संबंधच येत नाही.

बाईंचेच आकडे बघा. दुसऱ्या दिवशी उंची चौथाईने घसरली, लेटन्सी वीस टक्क्यांहून जास्त वाढली, एफ वेव्ह मात्र पाच-सहा टक्केच हलली.

गोंदियाकडचा

नमस्कार. हे वाचून माह्या मनातलं बोलतो. आमच्या बाबाले बारा वर्षांपासून शुगर आहे. तळपाय जळजळ करते. मागच्या वर्षी एका ठिकाणी करंटवाली टेस्ट केली, पायाचा वेग ४२ आला. आठ महिन्यांनी नागपूरले दुसऱ्या ठिकाणी केली तं ३८. तिथं सांगितलं का नसा झपाट्यानं खराब होऊन राहिल्या. बाबा त्या दिवसापासून जेवत नाहीत नीट, म्हणतात आता पाय कापावा लागन. शुगर तं पहिल्यापेक्षा चांगली आहे, मग हे काऊन झालं?

धंतोलीचा तंत्रज्ञ

दादा, बाबांना आजच सांगा की वेग चार मीटरने कमी आला म्हणजे पाय कापायची वेळ आली, असा अर्थ कुठेच निघत नाही. पाय वाचतो तो जखम न होऊ देण्याने, रोज तळवे बघण्याने, चप्पल नीट असण्याने आणि शुगर आवरण्याने.

आता आकडे. मशीन दुसरं, माणूस दुसरा, टेप दुसरी, आणि पाय गरम होते की नाही हे कुणी लिहिलेलं नाही. दुसरी टेस्ट कोणत्या महिन्यात होती? एसी किती होता? आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि खोलीत एसी २० वर. पेशंट अर्धा-पाऊण तास उघड्या पायांनी पडून असतो. शेवटी पायाची पाळी येते तेव्हा पाय गारठलेले असतात. लोकांना वाटतं गारठ्याची चूक थंडीतच होते. नागपुरात ती उन्हाळ्यातही होते.

गोंदियाकडचा

दुसरी मे महिन्यातलीच. बाबा म्हणत होते का चादर द्या म्हणून. तवा मले वाटलं का म्हातारपणानं थंडी वाजून राहिली.

सरासरी

मी संख्याशास्त्र शिकवतो. बाईंच्या भाचीसाठी आणि गोंदियाच्या दादांसाठी, दोघांसाठी लिहितो, कारण प्रश्न एकच आहे: किती फरक हा खरा फरक?

निरोगी माणसांवर दोनदा मोजणी करायची ती याच्यासाठी. निरोगी माणसाची नर्व्ह आठ दिवसांत बदलत नाही. तरीही आकडा जेवढा हलतो, तेवढी आपल्या मोजण्याची थरथर. त्या थरथरीला मोजमापाची प्रमाण चूक म्हणतात. ती हाती आली की तिला २.७७ ने गुणायचं (१.९६ आणि २ चं वर्गमूळ यांचा गुणाकार). समजा भाचीच्या प्रयोगशाळेत वेगाची ही चूक १.५ मीटर निघाली, तर उत्तर येतं सुमारे ४.२. म्हणजे त्या प्रयोगशाळेत एका माणसाचा वेग ४.२ मीटरपेक्षा जास्त बदलला तरच ‘बदलला’ म्हणायचं. बाबांचा फरक ४ चा आहे, आणि तोही दोन वेगळ्या प्रयोगशाळांतला. त्यावरून ‘झपाट्याने’ हा शब्द वापरणं मला अजिबात पटत नाही.

भाचीला एक सावधगिरीचा शब्द. विश्वसनीयतेचा गुणांक म्हणून जो आकडा ती काढेल (आयसीसी म्हणतात त्याला), तो निरोगी लोकांत कमी येऊ शकतो आणि परीक्षक विचारतील की टेस्ट खराब आहे का. बाई, तुम्ही शाळेत आहात म्हणून प्रार्थनेच्या रांगेचं उदाहरण घेतो. एकाच वर्गातली, जवळपास सारख्या उंचीची वीस मुलं उंचीप्रमाणे उभी करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एका सेंटिमीटरच्या चुकीने रांग उलटीपालटी होईल. आता पहिलीपासून दहावीपर्यंतची वीस मुलं घ्या. तीच टेप, तीच चूक, पण रांग जशीच्या तशी. टेप बदलली नाही, मुलांमधलं अंतर बदललं. निरोगी लोकांचे वेग एकमेकांच्या इतके जवळ असतात की हा गुणांक खाली येतो. म्हणून त्याच्याशेजारी प्रमाण चूक, मूळ एककात, लिहिलीच पाहिजे. दवाखान्यात कामाला येणारा आकडा तोच.

आणि एक. एका बैठकीत वीस-वीस आकडे काढतात. प्रत्येकाची मर्यादा अशी ठरलेली असते की शंभरातले पाच निरोगी लोकही तिच्याबाहेर पडावेत. वीस आकडे एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. प्रत्यक्षात ते आकडे एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे शक्यता याहून कमी, पण तरी बरीच. एका सुट्या आकड्यावर निदान करू नये ते यामुळे.

वरोऱ्याची ताई

मी कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम करते. आमच्याकडे हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे.

कुष्ठरोगात कोपराजवळची अल्नर नर्व्ह जाड होते, हाताला दोरीसारखी लागते. नर्व्हला सूज आली की स्टेरॉइड सुरू करावं लागतं, महिनोन् महिने. कधी वाढवायचं, कधी उतरवायचं हे ठरवताना स्नायूंची ताकद बघतो, नायलॉनच्या तंतूने स्पर्श तपासतो आणि जमलं तर नर्व्ह कंडक्शन करतो. उंची ६ वरून ४.५ झाली तर ती नर्व्ह मरायला लागली की इलेक्ट्रोड सरकला? चुकीचं ओळखलं तर एका बाजूला हात वाकडा होण्याची भीती, दुसऱ्या बाजूला विनाकारण स्टेरॉइड. निरोगी हातावरची थरथर माहीत नसेल तर आम्ही अंधारातच.

कोपराबद्दल सांगायचंच आहे. अल्नर तपासताना कोपर वाकवून ठेवतात, कारण हात सरळ असला की नर्व्ह आत सैल, वळ्या पडलेली असते. वरून टेपने मोजलेलं अंतर खऱ्या लांबीपेक्षा कमी येतं आणि नर्व्ह खोटीच मंद दिसते. माझ्या एका पेशंटच्या दोन कागदांत याच एका कारणाने फरक आला होता. हात कसा ठेवला होता ते दुसऱ्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्याने मला आठवून दाखवलं, तेव्हा उलगडा झाला.

खामला

एक विनंती सगळ्यांना. ‘नस’ म्हटलं की आपल्याकडे रक्तवाहिनीही होते आणि मज्जातंतूही. माझ्या आईला डॉक्टर नर्व्हबद्दल सांगत होते आणि ती महिनाभर रक्त पातळ करायच्या गोळीची वाट पाहत होती. कागदावर ‘नस’ लिहिणाऱ्यांनी एकदा तोंडाने समजावून सांगावं.

आता कामाचं विचारतो. टेस्टला जाताना आपण काय करावं?

धंतोलीचा तंत्रज्ञ

हातापायाला तेल, क्रीम लावून येऊ नका, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. अंगठ्या, बांगड्या निघतील तेवढ्या काढा. पेसमेकर असेल तर आधी सांगा. थंडीत मोजे, हातमोजे घालून या आणि पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. हात गार वाटला तर स्वतःहून म्हणा, ‘गरम करून मग करा.’ आम्ही गरम पाण्याची पिशवी किंवा कोमट पाणी देतो, पण त्वचा लवकर तापते आणि आतली नर्व्ह उशिरा, म्हणून लगेच सुरू करू नये. मागचा कागद, आकड्यांसकट तरंगांचा, सोबत आणा. पुन्हा करायची असेल तर शक्यतो तिथेच करा.

फक्त मागचे आकडे टेस्ट झाल्यावर दाखवा. आधी दिसले की कर्सर नकळत तिकडे ओढला जातो. हे मी स्वतःमध्ये पाहिलं आहे, म्हणून आता मी आधी बघतच नाही.

निवृत्त फिजिओलॉजी

हा शेवटचा मुद्दा भाचीने पद्धतीच्या प्रकरणात जरूर घ्यावा. दुसरी मोजणी करणाऱ्याला पहिलीचे आकडे झाकलेले हवेत, नाहीतर विश्वसनीयता खोटी चांगली येते. आणि बाईंचा दुसरा दिवस वगळायचा मोह होईल, तो वगळू नये. तापमान नोंदवलं नव्हतं असं स्पष्ट लिहून तो ठेवावा.

बाईंची वही

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा भाचीला वाचून दाखवला. तंत्रज्ञ दादांचा संवेदी तरंगाचा मुद्दा आला तेव्हा ती उठली आणि सगळ्यांचे कागद काढून बसली. सकाळी आठच्या वेळेला आलेल्या आणखी तिघांमध्ये तीच जोडी दिसली: लेटन्सी जास्त, संवेदी उंचीही जास्त. तिच्या सरांनी त्वचेचं तापमान मोजायचा प्रोब मिळवून दिला आहे आणि तक्त्यात नवा रकाना पडला आहे.

काल माझी चौथी वेळ झाली, पुन्हा मुद्दाम सकाळी आठला. या वेळी हात गरम पाण्याच्या पिशवीवर वीस मिनिटं ठेवला. तापमान ३३.१. लेटन्सी ३.३. करंट लागला, पण हात ओढला नाही. उंची ९.९.

गोंदियाचे दादा, बाबा कसे आहेत?

गोंदियाकडचा

ताई, बाबाले सगळं समजावून सांगितलं. काल दोन भाकरी खाल्ल्या. डॉक्टर साहेबाले दोन्ही कागद दाखवले, ते म्हणाले का सहा महिन्यांनी पहिल्याच ठिकाणी करू, पाय गरम करून. बाबा म्हणतात, मे महिन्यात जायचं असन तरी घरची चादर घेऊनच जाऊ.

बाईंची वही

वाचून फार बरं वाटलं.

भाचीचा निरोप: तापमान नोंदवून पुन्हा सुरुवात करायची म्हणून ४५ वर्षांवरचे आणखी सहा निरोगी लोक हवे आहेत. कॉलेजच्या समितीची मंजुरी आहे, संमतिपत्र मराठीत आहे, तीन वेळा यावं लागेल. ज्यांना जमेल त्यांनी मला इथेच निरोप टाकावा. सकाळची वेळ घेणाऱ्यांनी हातमोजे घालून यावं.